भाचीच्या व्याजाचा दाखला

आमच्या सात पिढ्यांत सावकार झालेला मी पहिला. आधीच्यांनी सावकार पाहिला तो ओट्याखाली उभं राहून. मी मात्र लातूरला आमच्या तीन खोल्यांच्या घरात, पंख्याखाली खुर्चीवर बसून सावकार झालो, तेही पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाल्यावर. गिऱ्हाईक एकच होतं. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची.

इथंच घोडं पेंड खात होतं. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. ती सहा महिन्यांची असली तरी पडतो आणि चाळीस वर्षांची असली तरी पडतो. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही. शंभर ब्राह्मण जेवू घालणं आणि एक भाचा जेवू घालणं सारखंच, असं इकडची जुनी माणसं म्हणतात. आमचं घर बौद्ध. शंभर ब्राह्मणांचा प्रश्न आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच निकाली निघाला, भाचा-भाची तेवढे शिल्लक राहिले. आता जिच्या पाया पडायचं तिच्याकडूनच दर महिन्याला व्याज घ्यायचं, हे कसं जमावं?

भाची शिक्षिका आहे. लग्न झालं, तीन वर्षं टिकलं, मग ती वेगळी झाली आणि किनवटकडच्या एका आश्रमशाळेत नोकरीला लागली. शिकवायचं, आणि वर मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून तिथंच एका खोलीत राहायचं. अकरा वर्षं राहिली. पोटात दुखतंय, स्वप्न पडलं, खिडकीत साप आहे, अशा कारणांनी मुली रात्रभर दार वाजवायच्या. नांदेडजवळच्या शाळेत बदली झाली तेव्हा ती मला म्हणाली, "मामा, मला एक दार पाहिजे. आतून कडी लावली की कुणी वाजवणार न्हाई, असं. अन् ते माझं पाहिजे. कुणी दिलेलं न्हाई."

नांदेडला तिनं दोन खोल्यांचं तयार घर पाहिलं. जागा गुंठेवारीची, त्यामुळं बँकेनं कागद उलटेपालटे करून परत दिले. तिच्याजवळची शिल्लक घालून बारा लाख कमी पडत होते. माझे निवृत्तीचे पैसे नुकतेच आले होते आणि बँकेत नुसते पडून होते. मी म्हणालो, घेऊन जा. ती म्हणाली, व्याज किती? मी म्हणालो, तुला लाज वाटते का विचारायला? ती म्हणाली, मग मला पैसे नकोत.

शेवटी माझ्या बायकोनं तोडगा काढला. "पोरगी घ्या म्हणून राहिली तर घ्या की. न्हाईतर ती दुसऱ्याकडं जाईल अन् तो दोन टक्क्यांनी सोलंल." मग पाऊण टक्क्यावर सौदा ठरला. महिन्याला नऊ हजार व्याज, मुद्दल जमेल तसं. भाचीनं स्टँपपेपरवर करार केला, घराचं खरेदीखत तारण म्हणून माझ्याकडं आणून दिलं आणि बायकोनं ते पेटीत पैठणीखाली ठेवलं. त्या दिवसापासून घरात माझं नाव सावकार पडलं. "सावकार, दळण आणा." "सावकार, गॅस संपला."

जानेवारी उजाडला आणि भाचीचा फोन आला. "जय भीम मामा. व्याजाचा दाखला पाहिजे."

घरासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज पगारातून वजा दाखवलं की कर कमी बसतो, हे मला माहीत होतं. पण ते बँकेच्या कर्जाला, असा माझा समज. खाजगी माणसानं दिलेल्या कर्जालाही चालतं, फक्त त्या माणसाचं नाव, पत्ता, पॅन नंबर फॉर्मात भरायचा आणि त्याच्या सहीचा दाखला जोडायचा, हे तिनं शाळेच्या कार्यालयातून विचारून आणलं होतं. म्हणजे आता माझं नाव एका सरकारी फॉर्मात, 'कर्ज देणाराचे नाव' या रकान्यात जाणार होतं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे फॉर्म भरले, माझ्यासाठी असा रकाना कधी निघाला नव्हता. छाती जराशी फुगलीच.

मग मी तो दाखला असा लिहिला की तालुक्याच्या कचेरीनंही लिहिला नसता. 'प्रमाणित करण्यात येते की' इथून सुरुवात. संदर्भ एक, संदर्भ दोन. दुकानात जाऊन एक जावक नोंदवही आणली आणि दाखल्याच्या डोक्यावर जावक क्रमांक एक टाकला. बायकोनं विचारलं, क्रमांक दोन कुणाला पाठवणार? मी म्हणालो, नोंद ही नोंद असते.

आठ दिवसांत दाखला परत. भाचीच्या कार्यालयातल्या लिपिकानं त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मला राग आला. माझा कागद आजवर कुणी परत पाठवला नव्हता. मी थेट त्या लिपिकाला फोन लावला.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही व्याजदर लिहिलाय पाऊण टक्का. बारा लाखाला पाऊण टक्क्यानं वर्षाचे नऊ हजार होतात. मॅडम एक लाख आठ हजार दाखवून राहिल्या."

"पाऊण टक्का महिन्याचा हो."

"मग तसं लिहायचं ना."

"टक्का म्हणलं की महिन्याचाच असतो. तुमच्या गावात वर्षाचा असतो का?"

तो हसायला लागला. त्याच्याही गावात महिन्याचाच होता. आम्ही लहानपणापासून व्याज ऐकलं ते महिन्याच्या हिशोबानं. दोन टक्के, तीन टक्के, नड मोठी असली तर पाच. वर्षाचा टक्का शाळेच्या गणितात असायचा, द.सा.द.शे. म्हणून, आणि शाळेबाहेर त्याची कधी गाठ पडायची नाही. सबंध नोकरी हिशोबाच्या टेबलावर काढलेला मी, स्वतःचं व्याज लिहायची वेळ आली तेव्हा बाजारातल्या सावकारासारखं लिहून बसलो. दुसरा दाखला केला: द.सा.द.शे. नऊ. जावक क्रमांक दोन. बायकोला तिचं उत्तर मिळालं.

तेवढ्यावर भागलं नाही. माझं विवरणपत्र भरणारे वकीलसाहेब गंजगोलाईजवळ बसतात. खरं म्हणजे ते वकील नाहीत, पण कराचं काम करणाऱ्याला इकडं वकीलसाहेबच म्हणतात. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात कचेरीबाहेर उर्दूत अर्ज लिहून द्यायचे. नातवाकडं आता कॉम्प्युटर आहे, बसायची ढब मात्र आजोबांचीच असावी. मी त्यांना हळूच विचारलं, मला सावकारीचा परवाना काढावा लागेल का?

"भाचीला दिले न साहेब? दुकान तर न्हाई मांडलं?" ते म्हणाले. "मग परवाना कशाला? पण हे व्याज तुमच्या उत्पन्नात धरावं लागंल. तिकडं वजा, इकडं जमा."

"म्हणजे तिचा कर वाचला आणि मला बसला?"

"बसला तर भरायचा. अन् रोकड घेऊ नका, खात्यावरच येऊ द्या." मग हसून म्हणाले, "आमच्यात सूद हराम हाय. पण दुसऱ्याचा लिहून द्यायला काय हरकत न्हाई."

मला त्यांचा हेवा वाटला. सूद घ्यायचा नाही, हे त्यांच्याकडं निदान स्पष्ट सांगितलेलं होतं. आमच्याकडं नुसती लाज होती, आणि ती कुठं लिहिलेली नसते. पहिल्या दिवाळीला मी नऊ हजार पाकिटात घालून भाचीच्या हातात ठेवले, पायाही पडलो. तिनं पाकीट घेतलं, गोड बोलली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यावर नऊ हजार परत आले. फोन नाही, काही नाही.

ती पैसे कसे उभे करत होती हे मला दिसत होतं. शाळा गावाबाहेर, तरी तिनं स्कूटी घेतली नाही. पाच वर्षांत पंख्याशिवाय घरात काही नवं आलं नाही. पगाराच्या फरकाचे पैसे मिळाले की ते मुद्दलात. एकदा मी नांदेडला गेलो तर तिनं मला दार दाखवलं. साधं, तपकिरी रंगाचं, आतून मोठी पितळी कडी. "रात्री लावते," ती म्हणाली, "अन् जरा वेळ नुसती बघत बसते." मी म्हणालो, छान आहे. मनात म्हणालो, पोरगी वेडी आहे.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं, म्हणून एका दमात सांगतो. तिसऱ्या वर्षी मुरुडला आमच्या नात्यात लग्न होतं. जेवणं झाली, आम्ही चार-सहा जण मांडवाच्या कडेला सुपारी कातरत बसलो होतो. त्यातला एक पाहुणा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय मामा, भाचीकडून व्याज खाता म्हणं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "कुठलं व्याज घेऊन बसला? घर घेऊन दिलंय मी तिला."

"मामा असावा तर असा," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. परतीच्या बसमध्ये मी शीळ घालत होतो. त्याच महिन्यात भाचीचं व्याज नेहमीसारखं पाच तारखेला जमा झालं आणि ते पाहताना मला त्या बोलण्याची आठवणसुद्धा झाली नाही.

गेल्या वर्षी कराची नवी पद्धत तिला फायद्याची ठरली. वजावट काही मिळत नाही, पण तिच्या पगारावर करच बसत नाही. मी खूश झालो. दाखल्याची कटकट संपली, आता व्याजाचा विषयही हळूहळू बंद करता येईल, असा माझा मनातला बेत. जानेवारीत फोन आला नाही. एका रविवारी सकाळी भाची स्वतःच नांदेडच्या गाडीनं आली. चहा झाला, मामीशी बोलणं झालं, आणि मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मामा, दाखला लिहून द्या."

"आता कशाला? तुझ्या ऑफिसला लागत न्हाई."

"ऑफिसला न्हाई. भावाला दाखवायचाय."

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा भाचा, मुरुडला असतो. पाण्याच्या मोटारी आणि पाईपचं दुकान आहे. बहीण आणि मेहुणे दोघंही आता नाहीत. त्यांचं मुरुडचं घर आणि मागची मोकळी जागा दोघा भावंडांच्या नावावर. भाचीनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. हक्कसोडपत्राचा मसुदा. बहिणीनं आपला हिस्सा राजीखुशीनं भावाला सोडला, असा. सही तेवढी बाकी होती. नोंदणीला पुढच्या सोमवारी बोलावलं होतं.

"तू देणार हायस का सोडून?"

"मला इचारलं असतं तर कदाचित दिला असता," ती म्हणाली. "त्यानं इचारलं न्हाई. म्हणला, तायडे, तुला तर मामानं घर दिलं, आता हे माझं. मी म्हणलं, मी फेडून राहिले बाबा, दर महिन्याला. तर हसला. म्हणला, मामानं स्वतः सगळ्यांसमोर सांगितलंय, लग्नात."

मी चहाच्या रिकाम्या कपाकडं बघत होतो. खोटं बोलावंसं वाटलं. पाहुण्यांनी वाढवून सांगितलं म्हणता आलं असतं.

"तुम्ही म्हणलात का तसं?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "म्हणलो."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिनं कागदाची घडी घातली. "पाच वर्षं झाली, मामा," ती म्हणाली. "मी भाजी इकत घेतानासुद्धा हिशोब करते. कॉलनीत बाया मला म्हणतात, तुमचं काय बाई, मामा हाय पाठीशी. मला वाटायचं ह्यांना कोण सांगतं. घर माझं हाय हे एकच मला पाहिजे होतं, अन् तेच तुम्ही देऊन टाकलं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला सावकार म्हटलं नाही.

मी टेबलाशी बसलो. पाच वर्षांचा मिळून एक दाखला लिहिला. वर्षवार व्याज, वर्षवार मुद्दल, बाकी किती. बँकेचे उतारे काढून जोडले. 'कर्जदाराने सदर घर स्वतःच्या उत्पन्नातून खरेदी केले असून मी त्यात कोणतीही देणगी अथवा भेट दिलेली नाही' असं वाक्य घातलं. अशा दाखल्यात हे वाक्य नसतं. चौतीस वर्षांत मी हजारो कागद लिहिले, पण लिहिताना हात थांबला तो या एका ओळीला. सही केली आणि कागद तिच्यापुढं धरला.

तिनं घेतला नाही. "मी न्हेणार न्हाई," ती म्हणाली. "मी सांगून झालं, त्यानं ऐकलं न्हाई. तुम्ही बोललात, तुम्हीच जा."

गुरुवारी मी मुरुडला गेलो. बसमध्ये पूर्ण वेळ मनात वाक्यं जुळवत होतो. दुकानात दोन गिऱ्हाइकं मोटारीचा भाव करत उभी होती. भाच्यानं मला पाहिलं, उठला, खुर्ची पुसली. मी सवयीनं त्याच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यानं नेहमीसारखं मला अर्ध्यातच धरलं आणि चहा सांगितला. मुलगा वाईट नाही. त्यानं मी सांगितलेलं खरं धरलं, एवढंच.

मी दाखला त्याच्यापुढं ठेवला. त्यानं वाचला. मग उतारे चाळले, एकेका पाच तारखेवर बोट ठेवत. मग परत पहिलं पान.

"मामा, ताई व्याज भरती तुम्हाला?"

"भरती. मुद्दलबी भरती. साडेचार लाख फेडले तिनं."

"अन् तुम्ही घेता?" मोटारीचा भाव करणारे आता आमच्याकडं बघत होते.

"घेतो."

"मग लग्नात तर तुम्ही म्हणले..."

"खोटं बोललो. भाचीचं व्याज खातो म्हणायची लाज वाटली."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "आता न्हाई वाटत?"

"वाटती," मी म्हणालो. "पण आता दुसऱ्याच गोष्टीची."

चहा आला. कुणी घेतला नाही. भाच्यानं गल्ल्याचा खण उघडला, त्यातल्या हक्कसोडपत्राच्या प्रतीकडं जरा वेळ पाहिलं आणि खण लावला. "सोमवारचं राहू द्या म्हणून सांगतो," तो म्हणाला. "पुढचं आम्ही दोघं बसून बघू." त्यानं मोबाईल काढला आणि बहिणीला लावला. शाळेची मधली सुट्टी असावी, पलीकडं पोरांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, मामा आलेत हितं," एवढंच तो बोलला. त्यानं फोन माझ्या हातात दिला.

"सांगितलं का, मामा?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की मी दिलेलं न्हाई. घर तू घेतलंस."

पोरांचा आवाज कमी झाला. ती बहुतेक वर्गात जाऊन दार लावून उभी राहिली असावी.

"फोन स्पीकरवर टाका," ती म्हणाली, "अन् परत म्हणा."

मी भाच्याकडून तो स्पीकरवर करून घेतला. दोन्ही गिऱ्हाइकं तिथंच उभी होती. चहावालाही कप न्यायला आला होता. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ते घर माझ्या भाचीनं घेतलंय. तिच्या पैशानं."